माणूस आत आहे

शनिवार, २ मार्च

प्रिय ताई,

सा. न. फोन लागत नाही म्हणून पत्र लिहितोय असं समज. खरं सांगायचं तर फोन लागला असता तरी पत्रच लिहिलं असतं. मागच्या वेळी बाबांचा विषय निघाला आणि ‘तुझा बाप, तूच बघ’ म्हणून तू फोन आपटलास. कागद आपटता येत नाही, एवढाच त्याचा फायदा. शिवाय इथे दरीत रेंज नाही. ऑफिसातला एकुलता एक फोन साहेबांच्या खोलीत असतो आणि तो साहेबांशिवाय कुणी उचलत नाही.

या पंपघरात बदली होऊन महिना झाला. बाबा ज्या खुर्चीवर बसायचे ती अजून आहे, फक्त गादी बदललीय. त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रामही अजून चालतोय, एकदाही बंद न पडता. वीज गेली तर बॅटरीवर चालतो. आता नवं यंत्र येणार आहे आणि जुन्यातलं सगळं उलगडून नव्यात घालायचं काम माझ्या गळ्यात आहे. बाबांच्या अक्षरासारखाच त्यांचा प्रोग्राम आहे. गिचमिड, पण चूक शोधून सापडायची नाही.

तुला थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. यंत्राचा मेंदू एक, पण कामं अकरा. पाण्याची पातळी बघायची, वरच्या टाकीचं गेट सांभाळायचं, भोंगा वाजवायचा, अशी. प्रत्येक कामाला एक थ्रेड. मेंदू एका थ्रेडचं काम क्षणभर करतो, कुठवर आलो याची खूण ठेवतो आणि दुसऱ्याकडे वळतो. इतकं झरझर की बघणाऱ्याला वाटतं अकराही कामं एकदम चाललीत. ज्याची पाळी संपली तो थ्रेड जिथल्या तिथे थांबतो. मधे किती वेळ गेला ते त्याला कळतही नाही. पाळी आली की तो पुढे चालू, जसं काही झालंच नाही.

तर अकरा कामं, अकरा थ्रेड. पण यादीत बारा दिसतात.

मी गेटवाल्या मामांना विचारलं. ते बाबांच्या वेळेपासून आहेत. ते म्हणाले, ‘बारावा तुझ्या वडलांचा.’ खालच्या टाकीत उतरणाऱ्या माणसानं शिडीजवळच्या बोर्डावर आपला नंबर दाबायचा आणि खिळ्याला आपला पितळी बिल्ला अडकवायचा, अशी इथली रीत. नंबर दाबला की त्या माणसासाठी एक थ्रेड सुरू होतो. त्याचं काम एकच, गेटला कुलूप घालून वाट बघत बसायचं. बोर्डावर लाल अक्षरं लागतात, ‘माणूस आत आहे’. माणसानं वर येऊन परत नंबर दाबला की कुलूप सुटतं आणि थ्रेड संपतो. बाबांनी त्या सकाळी नंबर दाबला, उतरले, आणि परत दाबला नाही.

बाकीचं तुला माहीत आहे. टाकी कोरडी होती, बॅटऱ्या मारून पाहिलं, आत कुणी नव्हतं. मग कुणी त्यांना बसस्टँडवर पाहिलं, कुणी दुसऱ्या गावात. पण यंत्राच्या लेखी ते अजून आत आहेत. त्यामुळे खालच्या टाकीचं गेट सव्वीस वर्षांत उघडलेलं नाही. आजवर वरच्या टाकीवर भागलं. आता पाणी पुरत नाही आणि साहेबांना खालची टाकी भरायचीय.

इथला नियम आहे, ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा. तो नसेल तर घरच्यांनी लिहून द्यायचं. आईच्या सहीच्या दोन ओळी पुरेत. माझ्याकडे धाडू नकोस, थेट साहेबांच्या नावे पाठव, म्हणजे वेळ वाचेल.

आई कशी आहे? बोलते का काही?

तुझा,
बारक्या

*

बुधवार, ६ मार्च

बारक्या,

आशीर्वाद. पत्रात मोठा शहाणा झालास. तुझं ते थ्रेडचं प्रकरण मला पहिल्या चार ओळींतच कळलं, पुढचं उगाच पाल्हाळ लावलंस. अरे, गेली अठरा वर्षं मी दुसरं काय करतेय? पार्लरमध्ये एकीच्या केसांना रंग लावायचा, तो मुरेपर्यंत दुसरीचे केस कापायचे, तेवढ्यात तिसरीचं डोकं धुवायला घ्यायचं. कुणाचं कुठवर आलंय ते सगळं माझ्या डोक्यात. हात दोनच, पण प्रत्येकीला वाटतं ताई माझ्याचकडे बघतायत. मला कुणी यंत्र म्हणून पगार दिला नाही, एवढंच.

काल तर माझ्या दोघी पोरींनी कहर केला. ठेंगणीच्या हातात ड्रायर, तिला हवा गोल ब्रश. लांबडीच्या हातात ब्रश, तिला हवा ड्रायर. ठेंगणी म्हणते तू आधी दे, लांबडी म्हणते तू आधी दे. दोघी खांबासारख्या उभ्या, आणि मधे ती बाई ओल्या डोक्यानं शिंकतेय. तुझ्या यंत्रात असलं होतं का रे?

आता पत्राचं. मी लिहून द्यायला एका पायावर तयार आहे. तो माणूस शिडी चढून, मागच्या दारानं, आपल्या पायांनी निघून गेला. तू पाच वर्षांचा होतास. मी चौदा. शाळा कुणाची सुटली? तू त्याला देव कर, माझी ना नाही. पण यंत्रानंसुद्धा त्याची वाट बघत बसावं हे म्हणजे अतीच झालं. एक आई कमी होती का?

आईचं विचारलंस. वर्षभर तिनं तोंड उघडलं नव्हतं हे तुला ठाऊक आहे. दिवसभर पार्लरच्या कोपऱ्यात शेवटच्या आरशासमोर बसते. मांडीवर टॉवेल घेऊन घड्या घालते, उलगडते, परत घालते. परवा सोमवारी सकाळी तिनं एकदम मान वर केली आणि स्पष्ट म्हणाली, ‘अहो.’ झालं. परत टॉवेल. मी हातातली कात्री ठेवून धावले, तर ती माझ्याकडे बघेचना. आज सकाळी परत मान वर, आणि म्हणाली, ‘आपला’. त्याच सुरात, बारक्या. मधे दोन दिवस गेले असं वाटेचना. श्वास घ्यायला थांबली होती आणि आता पुढचं बोलली, तसं.

डॉक्टर म्हणाले वयाचं आहे. त्यांना सगळंच वयाचं वाटतं. मी मात्र खूश आहे. बोलली तर खरी.

तुझी,
ताई

*

रविवार, १० मार्च

प्रिय ताई,

ड्रायर आणि ब्रशचं वाचून खूप हसलो. होतं, हुबेहूब असंच होतं. दोन थ्रेड एकमेकांच्या हातातल्या वस्तूची वाट बघत जन्मभर उभे राहतात. त्याला डेडलॉक म्हणतात. लांबडीला सांग, तिचा रोग जगभर आहे.

पण त्याहून वाईट रोग दुसरा. समज तुझी वही टेबलावर आहे. ठेंगणीनं पाहिलं, चारची वेळ रिकामी. ती गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणायला वळली. तेवढ्यात लांबडीनंही पाहिलं, चार रिकामे. दोघींनी चारला दोन बायका बोलावल्या. दोघींनी खरंच पाहिलं होतं, दोघीही खोट्या नाहीत. पाहणं आणि करणं यांच्यात फट राहिली, आणि तेवढ्यात जग बदललं. आमच्या धंद्यात निम्मे अपघात या फटीत होतात. म्हणून कुलूप. एकीनं वही हातात घेतली की लिहून होईतो दुसरीनं तिला हात लावायचा नाही. बाबांच्या प्रोग्राममध्ये मी अशी फट शोधतोय. एकही सापडली नाही. असा माणूस मागचं दार उघडं टाकून जाईल, हे माझ्या मनाला पटत नाही. रागावू नकोस.

आता एक सांगतो, हसू नकोस. बारावा थ्रेड खरं तर झोपलेला असायला हवा. तो रोज एकदा जागा होतो, माणूस वर आला का बघतो आणि परत झोपतो. ते ठीक आहे, बाबांनीच तसं लिहिलंय. पण सगळ्या थ्रेडची मिळून एक सामाईक जागा असते, जसा तुमच्या पार्लरमधला फळा. तिथे कुणीही लिहावं, कुणीही वाचावं. या सोमवारपासून बारावा तिथे काहीतरी लिहायला लागलाय. थोडंसंच, एखाद्या शब्दाएवढं. मला ते वाचता येत नाही, अक्षरं नाहीत, नुसते आकडे आहेत. सव्वीस वर्षं त्यानं तिथे एक टिंब लिहिलं नव्हतं.

आई बोलली तेव्हा किती वाजले होते? अंदाजानं नको. घड्याळ बघून सांग.

तुझा,
बारक्या

*

गुरुवार, १४ मार्च

बारक्या,

घड्याळ बघितलं. आता तुला काय कळायचं ते कळू दे, माझी मात्र झोप उडालीय.

सोमवारी आई म्हणाली, ‘मुलगा’. मी लांबडीला ओरडले, वेळ बघ. ती म्हणाली, एकला दहा कमी. मी म्हटलं, बये, दुपारच्या बायका अजून यायच्यात. तेव्हा कळलं की ती आरशात बघतेय. वळून भिंतीवर पाहिलं तर अकरा वाजून दहा मिनिटं. काल बुधवारी परत. अकरा दहाला मान वर, ‘आत’, आणि टॉवेल.

अहो, आपला मुलगा आत. मी चारही शब्द वहीत एकापुढे एक लिहून ठेवलेत. तुला वाटत असेल कोडं आहे. कोडं कसलं? तिला तू आठवतोस. दोन वर्षांत तू तोंड दाखवलं नाहीस, तेव्हा तिच्या डोक्यात तू पाच वर्षांचाच आहेस आणि आतल्या खोलीत झोपलायस. कौतुक तुझं, खस्ता माझ्या, हे काही आजचं नाही.

पण खरं सांगू? मला भीती वाटते. आवाज तिचा आत्ताचा नाही. आत्ताचा आवाज कसा असेल तो असो, वर्षभर ऐकलेलाच नाही. हा तिचा तेव्हाचा आवाज आहे, दारात उभं राहून जिन्यात हाक मारायची तेव्हाचा. बोलताना ती आरशात बघते, पण स्वतःकडे नाही. स्वतःच्या खांद्यामागे बघते, तिथे कुणी उभं असल्यासारखं. काल एक गिऱ्हाईक डोक्याला रंग लावलेला तसाच घेऊन निघून गेली. ठेंगणी आता त्या आरशाकडे तोंड करून उभी राहत नाही.

हे सगळं त्या माणसामुळे आहे. तो गेला पण सुटला नाही, आणि आम्हालाही सोडत नाही. काल मी कागद लिहून आईसमोर ठेवला. तिनं पेन हातात घेतलं आणि सोडून दिलं. परत दिलं, परत सोडून दिलं. कागदाचं काय करायचं ते मी बघते, तू काळजी करू नकोस. हे एकदाचं संपलं पाहिजे.

तुझी,
ताई

*

सोमवार, १८ मार्च

ताई,

घाईत लिहितोय. कागद पाठवू नकोस. मीच मागितला होता, मीच नको म्हणतोय. मी पुढचं पत्र लिहीपर्यंत साहेबांना एक ओळही जायला नको.

कारण ऐक. बारावा थ्रेड कोणकोणत्या दिवशी लिहून गेला त्याची नोंद मी काढली. चार तारीख, सहा, अकरा, तेरा. प्रत्येक वेळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. तुझी पत्रं शेजारी ठेवून मी तारखा ताडून पाहिल्या. आज अठरा, आज सकाळी त्यानं परत लिहिलं. म्हणजे आज आईही काहीतरी बोलली असणार. बरोबर ना? आणि बाबांनी शिडीजवळ आपला नंबर दाबला त्याची वेळसुद्धा यंत्रात आहे. अकरा दहा.

मी यंत्राचा माणूस आहे, भुताखेतांचा नाही. असं का होतं ते मला सांगता येत नाही. पण तो थ्रेड कशाची तरी वाट बघतोय, आणि ज्याची वाट बघतोय ते पाहिल्याशिवाय मी त्याला मारणार नाही. सव्वीस वर्षांत त्या टाकीत कुणी उतरलेलं नाही. तेव्हाही लोकांनी शिडीवरूनच बॅटऱ्या मारल्या, मामा कबूल करतात. कोपरे कुणी पाहिले नाहीत.

गुरुवारी अकराला मी उतरणार आहे. साहेब परवानगी देणार नाहीत, म्हणून विचारणार नाही. नंबरही दाबणार नाही, नाहीतर त्यांच्या पडद्यावर लगेच दिसेल. तू घाबरशील म्हणून सांगतो, त्यात धोका काही नाही. गेट बाबांच्या कुलपानं बंदच आहे. एका दाराला दोन कुलपं कशाला? बारावा थ्रेड जिवंत आहे तोवर ते गेट कुणाच्या बापाला उघडणार नाही.

तेवढं आईला जप.

बारक्या

*

सोमवार, १८ मार्च

मा. साहेब, पंपघर, यांस,

सप्रेम नमस्कार. आपल्या पंपघरातील बिल्ला क्रमांक १७ हा माझ्या यजमानांचा. तो काढण्यास व खालच्या टाकीत पाणी सोडण्यास आमच्या कुटुंबाची हरकत नाही. आता त्यांची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. पत्र मिळताच आपण काम सुरू करावे.

(सही)

*

गुरुवार, २१ मार्च
दुपारी चार

ताई,

मी ठीक आहे. आधी हे वाच आणि मग बाकीचं. मी ठीक आहे.

अकराला पाच कमी असताना चपला शिडीच्या तोंडाशी काढल्या आणि उतरलो. एकोणचाळीस पायऱ्या. खाली हातभर धूळ, कोरडी ठणठणीत. शिडीच्या पायथ्याशी वरच्यासारखाच एक बोर्ड आहे, खाली अडकलेल्या माणसाला नंबर दाबता यावा म्हणून. त्यावर ‘माणूस आत आहे’ आणि १७. धुळीतून अक्षरं पुसट दिसत होती. मी बॅटरी घेऊन खांबांमधून पलीकडच्या कोपऱ्याकडे गेलो.

शेवटच्या खांबामागे जमिनीत एक जाळी आहे. तिचा अर्धा भाग तुटून आत गेलाय. खाली जुनी विहीर आहे, बॅटरीचा उजेड तळाला पोचत नाही. आणि उरलेल्या जाळीत एक चष्मा अडकला होता. डाव्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला. तो दोरा आईनं गुंडाळला होता, मी तिच्या मांडीवर बसून बघत होतो. पाच वर्षांच्या पोराला आठवत नाही म्हणतात, पण मला आठवतो.

ते कुठेही गेले नव्हते, ताई. ते कामावर होते.

मी चष्मा खिशात ठेवत होतो तेवढ्यात समोरची भिंत लालभडक झाली. वळलो. पायथ्याच्या बोर्डाची अक्षरं धूळ झटकल्यासारखी लखलखीत पेटली होती. वाक्य तेच, पण १७ च्या खाली दुसरा आकडा. ४१. तो माझा नंबर. मला वाटलं, मामांनी माझ्या चपला पाहिल्या आणि वरून दाबला. मग बोर्डावरचा १७ विझला आणि गेटची साखळी ताणली. तो आवाज मला शब्दांत सांगता येणार नाही. साखळी ताणते म्हणजे गेट उघडतं, आणि गेट उघडलं तर शिडीपर्यंत पोचायला मिनिटसुद्धा मिळत नाही. ती सैल झाली. साखळी परत ताणली. परत सैल झाली. तिसऱ्यांदा ताणली तेव्हा मी धावत होतो, आणि मी आई म्हणून ओरडलो, एवढं मला आठवतं.

वर काय चाललं होतं ते मामांनी सांगितलं. साडेदहाला तुझं पत्र आलं. साहेब मामांना घेऊन खिळा बघायला गेले. पावणेअकराला खिळ्याला एकच बिल्ला, बाबांचा. तो काढला, वहीत नोंद केली, आणि अकरा दहा झाल्यावर साहेब यंत्राशी बसले. त्यांनी पाहिलं तेव्हा टाकीत कुणी नव्हतं. त्यांनी केलं तेव्हा मी होतो. मी तुला कौतुकानं समजावलेली ती फट, तिच्यात मी स्वतःच जाऊन उभा राहिलो. दुसऱ्याच्या कुलपावर विसंबून.

साहेबांनी बारावा थ्रेड मारला. अकरा उरायला हवे होते. बारा उरले. मामांनी गेटचं बटण दाबलं, पडदा म्हणाला, माणूस आत आहे, थांबा. साहेब वैतागले, म्हणाले जुनाट डबा आहे, परत दाबा. तीनदा दाबलं. मग मामांनी हात मागे घेतला. म्हणाले, ‘साहेब, हे यंत्र त्यानं बनवलंय. ते खोटं बोलत नाही. मी बघून येतो.’ शिडीच्या तोंडाशी त्यांना माझ्या चपला दिसल्या.

अकरा चोवीसला मी वर आलो. पाय जमिनीला लागला आणि बोर्ड विझला. नंबर मी दाबला नव्हता.

साहेब मला नोकरीवरून काढणार होते, चष्मा बघितल्यावर त्यांनी तो विषय सोडला. नंतर मी नोंद काढली. माझ्या नावाचा थ्रेड अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालाय, बाबांचा मारला त्याच्या दोन मिनिटं आधी. मामांनी नंबर दाबला नव्हता, ते तेव्हा साहेबांशेजारी उभे होते. शिवाय तो वरच्या बोर्डावरून दाबलेलाच नाही. पायथ्याच्या बोर्डावरून दाबलाय. तिथे मी एकटा होतो, आणि बोर्डापासून साठ पावलं लांब होतो.

सोमवारी माझं पत्र तुझ्याकडे निघालं आणि तुझं इकडे. कुठेतरी वाटेत दोन्ही एकाच टपालगाडीच्या फळीवर ठेवली असतील. तुझी चूक नाही. ऐकतेस ना?

एकच सांग. आज अकरा दहाला आई काय म्हणाली?

बारक्या

*

गुरुवार, २१ मार्च
दुपारी बारा

बारक्या,

हे पत्र तुला मिळेल की नाही मला माहीत नाही. तू आहेस की नाही हेही माहीत नाही. तरी लिहितेय, कारण फोनशेजारी नुसतं बसवत नाही.

तुझं पत्र पावणेअकराला आलं. ‘कागद पाठवू नकोस.’ कागद मी सोमवारीच टाकला होता. आणि ती सही आईची नव्हती. तिनं तिसऱ्यांदा पेन सोडलं तेव्हा मी तिच्या बोटांवर माझी बोटं धरली आणि ओढली. सोमवारी अकरा दहाला ती ‘आहे’ म्हणाली होती. मला वाटलं, संपलं वाक्य. अहो, आपला मुलगा आत आहे. म्हातारी तुला आतल्या खोलीत झोपवून मोकळी झाली, आता काय राहिलं? म्हणून मी तिचा हात ओढला. माझ्या लेखी तो माणूस पळून गेलेला होता आणि मला त्याला एकदाचं पुसून टाकायचं होतं. मी तुझ्यावर पाणी सोडायला लिहून दिलं, बारक्या. माझ्या हातानं.

मी ऑफिसला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत लावला. लांबडी रडायला लागली. खुर्चीत एक बाई बसली होती, तिचे अर्धे केस कापलेले, तीसुद्धा तिच्या फोनवरून लावत होती. कुणी उचलला नाही.

अकरा दहाला आई उभी राहिली. दोन वर्षांत ती आधाराशिवाय उभी राहिलेली नाही. टॉवेल खाली पडला. तिनं दोन्ही तळवे आरशावर टेकवले, आपल्या खांद्यामागे बघितलं, आणि न थांबता म्हणाली, ‘अहो, आपला मुलगा आत आहे. तो वर येईपर्यंत हलू नका.’

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

मग ती तशीच उभी राहिली. आम्ही चौघी बघत होतो. पापणी लवली नाही. मी तिला धरायला गेले तर अंग दगडासारखं घट्ट, आणि तीन वेळा तिला असा हिसका बसला की आरसा थरथरला. मला वाटलं ही इथेच जाते. ती मागे सरकली नाही.

अकरा चोवीसला तिचे हात सैल झाले. आरशावर तळव्यांचे ठसे उठलेत, मी पुसलेले नाहीत. मी तिला खुर्चीत बसवलं. तिनं माझ्याकडे बघितलं, खरंखुरं माझ्याकडे, आणि माझ्या गालाला हात लावला. म्हणाली, ‘आला वर.’ मग परत आरशात त्याच जागी बघून, हळू, तेव्हा घरात बोलायची तशी म्हणाली, ‘आता सुटलात तुम्ही.’

आत्ता ती झोपलीय. श्वास नीट आहे. मी फोनशी बसलेय आणि तो वाजत नाही. पण आई म्हणाली तू वर आलास, आणि आज मी तिच्याशी वाद घालणार नाही. तू आहेस असं धरून पाकिटावर तुझाच पत्ता घालतेय. आलास की पहिल्यांदा मला सांग, ते खरंच तिथे होते का. सव्वीस वर्षं मी त्यांना नाही नाही ते बोललेय.

तुझी,
ताई